वेगातला ठेका : डेव्ह लोम्बार्डोचे ड्रमवादन

थ्रॅश मेटल हा रॉक संगीतातला अतिद्रुत लयीचा प्रकार आहे. १९८०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, विशीच्या उंबरठ्यावरच्या पोरांनी तो घडवला. मेटॅलिका, स्लेअर, मेगाडेथ आणि न्यूयॉर्कचा अँथ्रॅक्स हे त्यातले चार मोठे बँड मानले जातात. ऐकणाऱ्याचे लक्ष आधी गिटारच्या करकरीत आवाजाकडे आणि गायकाच्या आरोळ्यांकडे जाते. पण हे सगळे ज्याच्या जिवावर उभे असते तो माणूस रंगमंचावर सर्वांत मागे, वाद्यांच्या गराड्यात बसलेला असतो. ड्रमवादकाची लय तसूभर ढळली तर थ्रॅश मेटलचा नुसता गोंगाट होतो. ती टिकली तर त्याच गोंगाटाला आकार येतो, वजन येते आणि ऐकणाऱ्याची मान आपोआप हलू लागते. हे काम चाळीस वर्षांहून अधिक काळ अव्वल दर्जाने करत आलेला वादक म्हणजे स्लेअर या बँडमुळे जगाला माहीत झालेला डेव्ह लोम्बार्डो.

त्याचे मोल समजून घ्यायचे तर आधी वाद्य समजून घ्यावे लागते. ड्रमसेट म्हणजे एकट्या माणसाने वाजवायचा वाद्यमेळ. जमिनीवर आडवा ठेवलेला मोठा बास ड्रम पायाच्या पेडलने वाजतो. त्याचा आवाज छातीत घुमतो. दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये स्नेअर असतो. त्याच्या खालच्या पडद्याला तारा लावलेल्या असतात, म्हणून त्यातून कोरडा, कडक ‘खट्’ असा आवाज निघतो. लग्नाच्या बँडमध्ये गळ्यात अडकवून वाजवतात तो छोटा ड्रम याच कुळातला. डाव्या हाताला हाय-हॅट, म्हणजे एकावर एक बसवलेल्या दोन झांजा. त्यांची उघडझाप डाव्या पायाने होते. समोर आणि बाजूला वेगवेगळ्या आकारांचे टॉम नावाचे ड्रम आणि भोवती टांगलेल्या मोठ्या झांजा. दोन हात आणि दोन पाय अशा चार अवयवांनी चार वेगळ्या रेषा एकाच वेळी चालवायच्या आणि त्यांचा एकच ठेका बनवायचा, हे या वाद्याचे मूळ कौशल्य.

जालना जिल्ह्यातल्या श्रोत्याला हे वाटते तितके परके नाही. पोळ्याला बैलांपुढे हलगी किंवा डफडे कडाडते तेव्हा वादकाच्या एका हातात जाड टिपरू आणि दुसऱ्या हातात बारीक काडी असते. जाड टिपरू ठेका धरते, बारीक काडी त्याच्या मधल्या जागा भरते. चामडे सैल पडले की हलगी शेकोटीवर धरून पुन्हा ताणून घ्यायची, हा त्या वाद्याचा सूर लावण्याचा मार्ग. गोंधळात संबळ वाजतो तो कमरेला बांधलेल्या जोडवाद्यावर दोन काड्यांनी, आणि त्यातली एक काडी टोकाला वाकवलेली असते. अंबडच्या मत्स्योदरीच्या पंचक्रोशीत वाढलेल्या माणसाला संबळाची रात्रभर चालणारी लय कानाने ओळखता येते, ती शिकवावी लागत नाही. थ्रॅशचा ड्रमवादक ऐकताना हाच कान उपयोगी पडतो. आवाज किती मोठा आहे हे बाजूला ठेवून लय कुठे बसते ते ऐकायचे.

थ्रॅशचा मूळ ठेका अगदी साधा आहे. बास ड्रम, स्नेअर, बास ड्रम, स्नेअर. एक पायाने, एक हाताने, आलटून पालटून. दुसरा हात हाय-हॅटवर किंवा मोठ्या झांजेवर सतत चालू असतो. संथ वाजवले तर कोणत्याही नवशिक्याला अर्ध्या तासात जमेल. कठीण आहे ते याचा वेग. मिनिटाला २१० मात्रांची लय धरली तर सेकंदाला साडेतीन मात्रा होतात, आणि बास ड्रम व स्नेअर मिळून सेकंदाला सात आघात पडतात. त्यावर दोन बास ड्रम दोन पायांनी चौपटीत वाजवायचे ठरवले तर सेकंदाला चौदा आघात, म्हणजे प्रत्येक पायाला सात. शंभर मीटर धावणारा जगातला उत्तम धावपटूही सेकंदाला साडेचार-पाच पावलांच्या पुढे जात नाही. ड्रमवादकाला शरीराचा भार पुढे न्यायचा नसतो, त्यामुळे ही तुलना तंतोतंत नाही. तरी घोट्यापासून खालच्या स्नायूंकडून काय मागितले जाते याचा अंदाज तीवरून येतो. आणि हे दहा सेकंदांत संपत नाही. कार्यक्रम दीड तास चालतो.

दोन बास ड्रम वाजवण्याची कल्पना थ्रॅशच्या खूप आधीची. अमेरिकन जॅझवादक लुई बेल्सनने ती १९४०च्या दशकात रूढ केली. रॉकमध्ये जिंजर बेकर आणि कीथ मून यांनी साठच्या दशकात दोन बास ड्रम मांडले. पण थ्रॅशला हवी असलेली गोष्ट १९७९ मध्ये मिळाली. ब्रिटिश बँड मोटरहेडच्या ‘ओव्हरकिल’ या गाण्यात फिल टेलरने दोन पायांचा अखंड मारा सुरुवातीपासून लावून धरला. त्याआधी दोन बास ड्रम ही अधूनमधून दाखवायची करामत होती; या गाण्यात तिचाच ठेका झाला. कॅलिफोर्नियातली पोरे हे गाणे आणि तिकडच्या हार्डकोर पंक बँडांची घाई, दोन्ही एकाच वेळी ऐकत होती. थ्रॅशचा जन्म या दोहोंच्या मिलाफातून झाला.

आणखी मागे गेले तर पोलादाशी गाठ पडते. हेवी मेटलची सुरुवात इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या कामगार वस्तीत झाली. ब्लॅक सबाथचा गिटारवादक टोनी आयोमी याची उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यातल्या यंत्रात गेली. त्याने बोटांना टोपणे चढवली, तारा सैल केल्या, आणि त्या सैल तारांतून जो जड, खर्जातला आवाज निघाला तो या संगीताचा पाया ठरला. त्याच भागातल्या जुडास प्रीस्ट या बँडने १९८० मध्ये आपल्या संग्रहाचे नाव ‘ब्रिटिश स्टील’ ठेवले. जालना हे शहर आज सळई बनवणाऱ्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. वितळलेल्या लोखंडाचा धगधगाट आणि रोलिंग मिलची एकसुरी धडधड ज्या वस्तीच्या कानावर रोज पडते, तिला या संगीताचे मूळ सांगायला फार शब्द लागू नयेत.

डेव्ह लोम्बार्डोचा जन्म १६ फेब्रुवारी १९६५ रोजी क्युबाची राजधानी हवाना येथे झाला. तो लहान असतानाच कुटुंब कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसजवळच्या साउथ गेट या गावी आले. घरात क्युबन संगीत वाजत असे. शाळेत प्रत्येकाने आपल्या आवडीची काही वस्तू आणून दाखवायची होती, तेव्हा हा मुलगा बाँगो घेऊन गेला आणि सँटाना या बँडच्या ध्वनिमुद्रिकेबरोबर वाजवून आला. दहा वर्षांचा असताना वडिलांनी पहिला ड्रमसेट घेऊन दिला. किस या बँडच्या ‘अलाइव्ह!’ या जिवंत कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रिकेतले ड्रमवादन त्याने ऐकून ऐकून बसवले. त्याचा पहिला गुरू अशा रीतीने प्रत्यक्ष कार्यक्रमाचेच ध्वनिमुद्रण होते, हे पुढच्या वाटचालीच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

१९८१ मध्ये तो पिझ्झा पोहोचवण्याचे काम करत असताना त्याची गाठ केरी किंग या गिटारवादकाशी पडली. दुसरा गिटारवादक जेफ हॅनेमन आणि चिलीत जन्मलेला गायक-बासवादक टॉम अराया यांच्यासह स्लेअर उभा राहिला. पहिला संग्रह ‘शो नो मर्सी’ १९८३ मध्ये आला. पुढच्या वर्षी ‘हाँटिंग द चॅपल’ या छोट्या संग्रहाच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी ड्रमसेट सिमेंटच्या उघड्या जमिनीवर मांडला होता. लोम्बार्डो वाजवू लागला की सगळी वाद्ये सरकत दूर जात. तेव्हा बँडबरोबर प्रकाशयोजनेचे काम करणारा जीन होग्लन नावाचा मुलगा ड्रमसेट दोन्ही हातांनी धरून बसला आणि गाणी मुद्रित झाली. दोन बास ड्रम वाजवण्याच्या काही खुब्याही त्याने लोम्बार्डोला दाखवल्या. हा होग्लन पुढे स्वतःच या संगीतातला थोर ड्रमवादक झाला. त्याच्या अचूक लयीमुळे त्याला ‘अणुघड्याळ’ म्हणतात. एकाच खोलीत, एकाच ड्रमसेटभोवती, दोन भावी उस्ताद बसलेले होते आणि दोघांचेही वय विशीच्या आत होते.

७ ऑक्टोबर १९८६ रोजी ‘रेन इन ब्लड’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. रिक रुबिन या निर्मात्याने स्लेअरच्या आवाजातला सगळा घुमारा काढून टाकला आणि प्रत्येक आघात सुटा, कोरडा ठेवला. दहा गाणी, आणि सगळी मिळून जेमतेम २९ मिनिटे. गाण्यांचे विषय भयंकर आहेत. पहिले गाणे ‘एंजल ऑफ डेथ’ हे नाझी छळछावणीतल्या डॉक्टर मेंगेलेच्या अत्याचारांवर असल्याने वितरक कंपनीने हा संग्रह बाजारात आणायला नकार दिला आणि तो दुसऱ्या कंपनीमार्फत आला. शब्द पेलवत नसलेल्या श्रोत्यालाही यातले ड्रमवादन मात्र टाळता येत नाही. याच गाण्याच्या उत्तरार्धात सगळी वाद्ये एकदम थांबतात आणि काही क्षण फक्त लोम्बार्डोचे दोन पाय वाजतात. त्या दोन-तीन सेकंदांनी नंतरच्या पिढीतल्या हजारो मुलांना ड्रमवर बसवले. शेवटच्या ‘रेनिंग ब्लड’मध्ये पावसाच्या आवाजातून टॉमचे तीन जड आघात येतात, पुन्हा येतात, आणि त्यांच्या मधल्या शांततेने ऐकणाऱ्याचा श्वास अडकतो. सर्वांत वेगवान म्हणून गाजलेल्या संग्रहातली सर्वांत लक्षात राहणारी जागा तीन संथ ठोक्यांची असावी, हा योगायोग नाही. लोम्बार्डोला विश्रांतीची किंमत कळते.

पुढच्याच ‘साउथ ऑफ हेवन’ या १९८८च्या संग्रहात बँडने लय मुद्दाम उतरवली. तिथे त्याची खरी परीक्षा झाली. द्रुत लयीत चुका वेगाखाली दडतात. विलंबित लयीत प्रत्येक ठोका उघडा पडतो. शीर्षकगीताच्या सुरुवातीला गिटार संथ, साप सरपटावा तशी येते, आणि तिच्या मागून टॉमवरचे त्याचे बोल येतात. ते मोजके आहेत, पण त्यांची जागा अशी की काढून टाकले तर गाणे कोसळेल. तबल्याच्या भाषेत सांगायचे तर त्याला लग्गी येते आणि ठेकाही येतो. आणि साथीला बसणाऱ्याचे मोल ठेक्यावरून ठरते.

ध्वनिमुद्रणात चुकलेली जागा पुन्हा वाजवता येते. रंगमंचावर ती सोय नसते, म्हणून ड्रमवादकाची खरी ओळख तिथे होते. लोम्बार्डोच्या ऐन उमेदीतल्या प्रत्यक्ष वादनाचा उत्तम पुरावा म्हणजे १९९१ चा ‘डेकेड ऑफ अग्रेशन’ हा दुहेरी संग्रह. लंडनचे वेम्बली आणि अमेरिकेतली लेकलँड व सॅन बर्नार्डिनो ही ठिकाणे, असे तीन कार्यक्रम त्यात मुद्रित आहेत. स्टुडिओतल्या मूळ गाण्यांशी तो लावून ऐकला की काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली म्हणजे लय जिवंत आहे. कडव्याच्या शेवटी ती किंचित पुढे झुकते, जणू पुढच्या भागात शिरायची ओढ लागली आहे, आणि नवा भाग सुरू होताच पुन्हा आपल्या जागेवर येते. यंत्राच्या ठोक्यावर वाजवणाऱ्याला हे करता येत नाही. दुसरी म्हणजे एका भागातून दुसऱ्या भागात जाताना टॉमवरून टाकलेला प्रत्येक तुकडा दर वेळी तंतोतंत तोच नसतो. त्याची सुरुवात आणि सम ठरलेली असते, मधला रस्ता त्या रात्रीचा असतो. मराठी श्रोत्याला यासाठी वेगळा शब्द शोधायला नको. ही उपज आहे.

तिसरी गोष्ट आघातांच्या वजनाची. अतिद्रुत मेटलमध्ये आज अनेक वादक बास ड्रमवर संवेदक बसवतात. पाय कसाही पडला तरी ध्वनिक्षेपकातून दर वेळी एकसारखा, आधी मुद्रित केलेला ठोका ऐकू येतो. मोठ्या मैदानात स्पष्टपणा राखायला त्याचा उपयोग होतो आणि ते वापरणारे उत्तम वादकही आहेत. पण लोम्बार्डोच्या या जुन्या मुद्रणांत उजव्या आणि डाव्या पायाच्या वजनातला सूक्ष्म फरक ऐकू येतो, जोराचा ठोका आणि हलका ठोका वेगळे कळतात. हलगीत जाड टिपरू आणि बारीक काडी यांचे आवाज वेगळे असतात म्हणूनच ठेका नाचरा होतो. सगळे आघात सारखे केले तर वेग शिल्लक राहतो, ठेका जातो. वेगात असूनही नाचरा राहणे, हा लोम्बार्डोचा सर्वांत मोठा गुण. घरातल्या क्युबन तालांचा हा वारसा म्हणावा लागेल. बाँगोवर वाढलेल्या हाताला सरळ रेषेत वाजवताच येत नाही.

प्रत्यक्ष वादनात शरीराचाही कस लागतो. ब्रिटनमधल्या चिचेस्टर आणि ग्लॉस्टरशर विद्यापीठांच्या संशोधकांनी ब्लाँडी या बँडचा ड्रमवादक क्लेम बर्क याच्या शरीरावर वादनाचा काय परिणाम होतो ते काही वर्षे मोजले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दीड तासाच्या कार्यक्रमात त्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला सरासरी १४० ते १५० असत आणि कधी १९० पर्यंत जात. अव्वल दर्जाच्या फुटबॉलपटूशी तुलना करावी असा हा ताण. ब्लाँडीचे संगीत थ्रॅशच्या मानाने सौम्य आहे, हे ध्यानात घेतले की स्लेअरच्या ड्रमवादकावर काय गुदरत असेल ते कळते.

म्हणूनच या क्षेत्रात ज्येष्ठता हा फार कष्टाने मिळणारा मान आहे. विशीतला वादक ताकदीवर वाजवतो. खांद्यातून, दंडातून जोर लावतो आणि तासाभरात थकतो. पन्नाशीतला वादक तसे करू शकत नाही, म्हणून त्याला वाद्याकडूनच मदत घ्यावी लागते. काठी पडद्यावर आपटली की ती उसळते. तिला उसळू द्यायचे, बोटांनी फक्त दिशा द्यायची. पायाच्या पेडललाही स्प्रिंगची परतफेड असते. टाच उचलून घोट्यातून छोटा झटका दिला की पुढचा ठोका अर्धा आपोआप येतो. तबला शिकवणारा ‘हात सैल सोड’ म्हणतो ते हेच. लोम्बार्डोची तिशीतली आणि साठीजवळची चित्रफीत शेजारी ठेवून पाहिली तर हाताचा पल्ला आटलेला दिसतो, चेहऱ्यावरचा ताण कमी झालेला दिसतो, आणि आवाज मात्र तितकाच भरीव येतो. श्वास कधी घ्यायचा, कोणत्या गाण्यात शक्ती राखायची, कुठे सगळी उधळायची, हे अनुभवाने ठरते.

त्याच्या पिढीतल्या इतरांच्या नशिबी काय आले ते पाहिले की या टिकण्याची किंमत आणखी कळते. मेगाडेथचा एके काळचा ड्रमवादक निक मेंझा २१ मे २०१६ रोजी लॉस एंजेलिसच्या एका क्लबात वाजवत असतानाच हृदयविकाराने कोसळला आणि गेला. एक्झोडस या थ्रॅश बँडचा ड्रमवादक टॉम हंटिंग याला २०२१ मध्ये जठराचा कर्करोग झाला, संपूर्ण जठर काढून टाकावे लागले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तो पुन्हा रंगमंचावर ड्रममागे बसला. यात शौर्याचा देखावा नव्हता. ड्रम वाजवणे हे त्या माणसाचे रोजचे जगणे होते.

लोम्बार्डोचा स्लेअरशी संबंध सरळ राहिला नाही. १९८६-८७च्या दौऱ्यात तो काही काळ बाहेर पडला आणि परतला. १९९२ मध्ये, पहिल्या अपत्याच्या जन्माच्या सुमारास, पुन्हा बाहेर पडला आणि त्याची जागा पॉल बोस्टाफ या तितक्याच तयारीच्या वादकाने घेतली. मधल्या वर्षांचा लोम्बार्डोने सोन्यासारखा उपयोग केला. ग्रिप इन्क. हा स्वतःचा बँड काढला, गायक माइक पॅटनच्या फँटोमासमध्ये चित्रविचित्र तुटक रचना वाजवल्या, १९९९ मध्ये विवाल्डीच्या संगीतावर आधारलेल्या एका प्रकल्पात भाग घेतला. टेस्टामेंट या थ्रॅश बँडचा त्याच वर्षीचा ‘द गॅदरिंग’ हा संग्रह त्याच्या वादनाने उजळला. शतक पालटल्यावर तो स्लेअरमध्ये परतला तेव्हा पूर्वीचा वेगवान मुलगा राहिला नव्हता. त्याच्या हातात आता कितीतरी अधिक रंग होते.

११ जुलै २००४ रोजी अमेरिकेतल्या मेन राज्यात ऑगस्टा येथे मूळच्या चौघांनी ‘रेन इन ब्लड’ हा संपूर्ण संग्रह रंगमंचावर सलग वाजवला. ‘स्टिल रेनिंग’ या नावाने त्याची चित्रफीत निघाली. शेवटच्या गाण्यात वरून रक्ताच्या रंगाचे पाणी कोसळते आणि सगळे चिंब होतात. बहुतेकांना तेवढाच देखावा आठवतो. खरे पाहण्यासारखे आहे ते त्याआधीचे सगळे. वयाच्या विसाव्या-एकविसाव्या वर्षी मुद्रित केलेली दहा गाणी एकोणचाळिसाव्या वर्षी एका दमात वाजवताना लोम्बार्डो कुठेही धापा टाकत नाही. ‘एंजल ऑफ डेथ’मधली ती दोन पायांची जागा येते तेव्हा प्रेक्षक आधीच ओरडू लागतात, नाटकातल्या गाजलेल्या स्वगताची वाट पाहावी तसे, आणि तो ती जागा गाजवून न दाखवता गाण्याच्या ओघात सोडून देतो. थोर साथीदाराचे हे लक्षण आहे. २००७ मध्ये स्लेअरला ‘आइज ऑफ द इन्सेन’ या गाण्यासाठी ग्रॅमी मिळाला, तेव्हाही ड्रमवर तोच होता.

भारतीय श्रोत्यांना त्याला स्लेअरबरोबर प्रत्यक्ष ऐकण्याची संधी मिळाली ती ऑक्टोबर २०१२ मध्ये, बंगळुरूला. त्यानंतर चार महिन्यांनी, फेब्रुवारी २०१३ मध्ये, त्याचा आणि बँडचा मार्ग वेगळा झाला. त्याच वर्षी २ मे रोजी हॅनेमन वारला, आणि मूळचा स्लेअर कायमचा संपला. बंगळुरूच्या त्या रात्रीला त्यामुळे वेगळेच मोल आले आहे.

महाराष्ट्रात या संगीताला मोठे मैदान मिळाले ते मुंबईत. धोबी तलावाजवळच्या रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा महोत्सव भरू लागला, आणि पुढची अनेक वर्षे महाविद्यालयीन मुलांनी तिथल्या उघड्या प्रेक्षागारात माना हलवल्या. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांमुळे रंगभवनातले कार्यक्रम पुढे बंद झाले. याच वातावरणातून १९९८ मध्ये मुंबईत सेप्टर हा थ्रॅश मेटल बँड उभा राहिला. भारतातल्या सर्वांत जुन्या थ्रॅश बँडांपैकी तो एक. त्याच्या ड्रमवर अनिकेत वाघमोडे. या बँडचा ‘एज ऑफ कॅलॅमिटी’ हा संग्रह २०१३ मध्ये, स्थापनेनंतर पंधरा वर्षांनी आला आणि त्याचा विषय होता स्त्रियांवर होणारे अत्याचार. भाडे परवडेल अशी तालमीची खोली नाही, दोन बास ड्रम मांडायला जागा नाही, शेजाऱ्यांची तक्रार ठरलेली, अशा शहरात थ्रॅशचा ड्रमवादक पंधरा-वीस वर्षे टिकतो ही गोष्ट परदेशातल्या कुठल्याही कीर्तीपेक्षा कमी कौतुकाची नाही.

मराठवाड्यातल्या एखाद्या मुलाला आज हे सगळे मोबाइलवर ऐकता येते. छोट्या स्पीकरवर मात्र बास ड्रम जवळजवळ नाहीसा होतो आणि फक्त झांजांचा किचकिचाट उरतो. थ्रॅशविषयीचा निम्मा गैरसमज यातूनच होतो. चांगले हेडफोन लावून ‘डेकेड ऑफ अग्रेशन’ ऐकावे. पहिल्यांदा फक्त स्नेअर ऐकावा आणि त्यावर टाळी धरून पाहावी. दुसऱ्यांदा पायांकडे लक्ष द्यावे. तिसऱ्यांदा टॉमवरचे तुकडे मोजावेत, ते कुठून सुटतात आणि समेवर कसे येतात ते पाहावे. गिटारचा कल्लोळ तोपर्यंत मागे गेलेला असतो.

साठीकडे झुकल्यावरही लोम्बार्डोचा व्याप आटला नाही. सुइसायडल टेंडन्सीज, मिसफिट्स, डेड क्रॉस, मिस्टर बंगल अशा संचांत तो वाजवत राहिला, २०२२ मध्ये टेस्टामेंटमध्ये पुन्हा वर्षभर बसला. मे २०२३ मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्याचा पहिला एकट्याचा संग्रह निघाला. त्याचे नाव ‘राइट्स ऑफ पर्कशन’. त्यात गिटार नाही, गायक नाही. टिंबालेस, काँगा, बाटा, टिंपनी, गाँग, झांजा, खुळखुळे अशी तालवाद्ये एकावर एक रचलेली आहेत, आणि ती सगळी त्याने एकट्याने वाजवली आहेत. शाळेत दाखवायला नेलेले बाँगोही त्यांत आहेत.